दुसरं सिंक

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी एकाच सिंकमध्ये कप विसळायचं बंद केलं, तेव्हा दुसरं सिंक बसवायला मला बोलावण्यात आलं. मी प्लंबर आहे. घरातल्या, पाहुण्यांपासून लपवलेल्या सगळ्या जागा मला रोज बघाव्या लागतात, त्यामुळे माणसांबद्दल माझं मत पहिल्यापासूनच फारसं चांगलं नाही. पण मोरीत तुंबलेले केस आणि आमची मंडळी यांतून एक निवडायची वेळ आली असती, तर मी डोळे झाकून केस निवडले असते. ते निदान उभं राहून लांबलचक प्रार्थना करत नाहीत.

मंडळी म्हणजे दीडशे माणसं, एक विटांची जुनी इमारत आणि मागच्या बाजूला एक स्वयंपाकघर, जिथे उपासनेनंतर चहा होतो. थोरले पाळक आमच्याकडे सव्वीस वर्षं होते. गेल्या वर्षी एका सकाळी दात घासता घासता त्यांना झटका आला, उजवं अंग गेलं, बोलणं जड झालं, आणि त्यांच्या जागी चौतीस वर्षांचे नवे पाळक आले. थोरले झगा घालून उंच व्यासपीठावरून सावकाश बोलायचे. नवे खाली उतरून, बाह्या दुमडून, बाकांमधून फिरत बोलतात. फरक काय तो एवढा. एवढ्यावरून दीडशे वाढलेली माणसं दोन टोळ्यांत वाटली गेली, आणि त्यांतल्या निम्म्यांना चष्म्याशिवाय गीतपुस्तक दिसत नाही.

थोरल्यांचे उजवीकडे बसू लागले, नव्यांचे डावीकडे. चाळीस वर्षं एका बाकावर बसलेलं एक जोडपं होतं. आता तो उजवीकडे, ती डावीकडे, आणि उपासना संपली की दोघं एकाच छत्रीतून घरी. आपला बाप्तिस्मा कुणाच्या हातचा, हे लोक अशा थाटात सांगायचे, की जणू पंप कुठल्या कंपनीचा ते सांगतायत. मध्ये एकदा उजव्यांनी गीत एका चालीत सुरू केलं, डाव्यांनी दुसऱ्या चालीत, आणि दोन्ही बाजूंनी शेवटच्या कडव्यापर्यंत माघार घेतली नाही. देवाला कान असतील तर त्यानं ते त्या दिवशी झाकून घेतले असावेत.

उजव्यांचे पुढारी माझे मेहुणे, म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. हे निवृत्त मुख्याध्यापक. अजूनही समोर कुणी बसलं की हजेरी घेतल्यासारखं बघतात. डाव्यांच्या पुढारी दातांच्या डॉक्टरीणबाई. त्या बोलायला लागल्या की समोरच्याचं तोंड आपोआप उघडं राहतं, सवयीनं. दोघंही दर रविवारी प्रेमावर बोलायचे.

आणि मी? मी शेवटच्या बाकावर, दाराशी, हाताची घडी घालून. मी कुणाचाच नव्हतो, आणि त्याचा मला भलताच अभिमान होता.

सिंकचं काम शनिवारी सकाळी होतं. देखरेखीला दोन्ही पुढारी हजर. जुनं सिंक उजव्यांकडे राहणार आणि नवं डाव्यांना मिळणार, हे आधीच ठरलं होतं. तेवढ्यासाठी कमिटीच्या तीन बैठका झाल्या होत्या. आता प्रश्न गरम पाण्याचा उरला.

“गीझर थोरल्या पाळकसाहेबांच्या काळात बसवलेला आहे,” मेहुणे म्हणाले. “गरम पाणी जुन्या सिंकलाच राहील.”

“आणि आम्ही थंड पाण्यात कप धुवायचे?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “त्यानं जंतू मरत नाहीत. तो माझा विषय आहे.”

“तुमच्या पाळकांना सांगा. बाह्या दुमडलेल्याच असतात त्यांच्या.”

मी जमिनीवर आडवा पडून पाईप कापत होतो. “पाणी एकाच टाकीतून येतंय,” मी खालून म्हणालो. “फाटा काढून दोन्हीकडे देतो.”

“जावईबापू, तुम्हाला कुणी विचारलं?”

“नाही विचारलं. पण फाटा मीच काढणार आहे.”

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाईंनी हळूच विचारलं, दोन्ही नळ एकदम सोडले तर जोर कुणाच्या नळाला जास्त असेल? मी म्हणालो, जो आधी सोडेल त्याच्या. हे खोटं होतं. दोन्हीकडे सारखाच जोर येतो. मला गंमत बघायची होती, आणि ती मला मिळाली. पुढचे तीन रविवार शेवटचा आशीर्वाद पुरा व्हायच्या आत दोन्ही बाजूंच्या बायका स्वयंपाकघराकडे धावत होत्या. धावताना दिसू नये म्हणून भरभर चालत होत्या, आणि ते तर जास्तच विनोदी दिसत होतं.

हा किस्सा मी महिनाभर पुरवून पुरवून वापरला. ज्या घरी नळ दुरुस्त करायला जाई, तिथे वॉशर बदलता बदलता सांगे. लोक पोट धरून हसत. आमच्या मंडळीशी ज्यांचा सुतराम संबंध नाही अशा लोकांनाही आता आमच्या दोन सिंकांची सगळी माहिती होती.

“तुम्हाला मजा येते ना यात?” एका संध्याकाळी बायकोनं विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

“कशात?”

“ते भांडतात त्यात.”

“मी भांडत नाही. मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही.”

“तेच म्हणतेय मी,” ती म्हणाली आणि माझा शर्ट माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

त्यानंतर आठवड्याभरानं पाळकीणबाईंचा, म्हणजे थोरल्या पाळकांच्या पत्नीचा, फोन आला. त्यांच्या घरी संडासातली टाकी गळत होती. मी मंगळवारी सकाळी गेलो. लिफ्ट नसलेल्या इमारतीतला दुसरा मजला, दोन खोल्या. जाताना माझ्या मनात आलं, आता तिथे उजव्यांची जत्रा भरलेली असणार. कुणी फळं घेऊन आलेलं, कुणी उशाशी बसून उसासे टाकत असलेलं. ज्यांच्यासाठी एवढं रण माजलंय, त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा असेल की नाही, अशी मला शंका होती.

दार पाळकीणबाईंनी उघडलं. आत त्यांच्याशिवाय दोनच माणसं होती. थोरले पाळक खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गळ्याभोवती टॉवेल, अर्ध्या चेहऱ्याला फेस. आणि त्यांची दाढी करत होते नवे पाळक.

“हलू नका, साहेब,” नवे म्हणत होते.

“मग तू... चुकीचं बोलू नकोस,” थोरले म्हणाले. शब्द जड होते, ओठाच्या एकाच कोपऱ्यातून येत होते, पण कळत होते. “दुसरा मुद्दा... काढून टाक. तुला आवडतो... म्हणून ठेवलायस.”

मी हत्यारांची पिशवी घेऊन तसाच उभा राहिलो. पाळकीणबाई म्हणाल्या, “दर मंगळवारी येतात ते. अंघोळ, दाढी सगळं करतात. मला आता यांना उचलता येत नाही. मग दोघं बसून रविवारचा उपदेश लिहितात. सहा महिने झाले.”

मागच्याच रविवारी मेहुणे बाहेर पायऱ्यांवर उभे राहून म्हणाले होते, उपदेश अगदी पाणी घातलेला होता, थोरले असते तर असं सपक बोलले नसते. ते मला आठवलं आणि हसू दाबायला मी संडासात गेलो. टाकीतला जोड सैल झाला होता. दहा मिनिटांचं काम. मी वीस लावली, कारण बाहेर ते दोघं काय बोलतायत ते ऐकायचं होतं. पण ते एका वाक्यात ‘क्षमा’ आधी यावी की ‘न्याय’, यावर वाद घालत होते. दुसरं काहीच नाही.

हात पुसत मी बाहेर आलो. “पाळकसाहेब, एक विचारू? हे तुम्ही दोघांनी मंडळीला का नाही सांगितलं?”

“सांगितलं,” नवे म्हणाले. “व्यासपीठावरून दोनदा सांगितलं. डावीकडच्यांना वाटलं मी नम्रपणा दाखवतोय. उजवीकडच्यांना वाटलं मी साहेबांचं नाव वापरतोय.” त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला. “आणि खरं सांगू? तिसऱ्यांदा सांगायचा मी कंटाळा केला. निम्मी मंडळी आपल्यासाठी भांडतेय हे वाईट आहे हे कळतं, पण गोडही लागतं.”

“मलाही,” थोरले म्हणाले. “अंथरुणाला खिळलेल्या माणसाला... जास्तच गोड लागतं.”

मला वाटलं होतं की या दोघांकडेही आपण वरूनच बघू. पण स्वतःबद्दल असं सरळ बोलणाऱ्या माणसाकडे वरून कसं बघायचं, ते मला जमेना.

“तू... कुणाचा?” थोरल्यांनी मला विचारलं.

“कुणाचाच नाही.”

“म्हणजे तिसरी टोळी. सभासद एक.” ते श्वास घेण्यासाठी थांबले. “दुसरं सिंक... कुणी बसवलं?”

“मी.”

“हसू आलं?”

“आलं.”

“मला नाही आलं,” ते म्हणाले. त्यांच्या उजव्या डोळ्यात पाणी होतं, पण झटक्यानंतर त्या डोळ्यातून पाणी येतच असतं, असं मी स्वतःला सांगितलं. “लहान मुलं भांडतायत. आणि एक मूल... बाजूला बसून टाळ्या वाजवतंय. तेही... मूलच.”

मी पैसे घेतले नाहीत. तेवढ्यानं बरं वाटेल अशी माझी समजूत होती. बरं वाटलं नाही. जिना उतरताना मला त्यांचा राग आला, मग नव्यांचा, मग बायकोचा, कारण तिनं हेच थोडक्यात आधी सांगितलं होतं. घरी गेल्यावर मी जेवलो नाही.

शुक्रवारी नव्या पाळकांचा फोन आला. थोरल्यांना रविवारी उपासनेला यायचं होतं. दोन मजले चाकाच्या खुर्चीसकट खाली उतरवावं लागणार होतं, नव्यांना सकाळी चर्चमध्ये थांबणं भाग होतं, आणि एकट्याचं ते काम नव्हतं.

“दुसरा कोण?” मी विचारलं.

“साहेबांनी तुमच्या मेहुण्यांचं नाव सांगितलंय.”

मी मेहुण्यांकडे आठ महिन्यांत गेलो नव्हतो. सणासुदीला बायको एकटी जायची. ते दारात उभे राहिले, मला आत या म्हणाले नाहीत.

“थोरल्यांना उतरवायचंय रविवारी,” मी म्हणालो. “त्यांनी तुम्हाला बोलावलंय, दादा.”

“मला?” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “त्यांनी स्वतः नाव घेतलं माझं?”

“हो. शेवटचं कधी भेटलात त्यांना?”

उजळलेला चेहरा मावळला. ते दाराच्या कडीशी चाळा करत राहिले. “सात महिने झाले असतील. मला बघवत नाही हो त्यांना तसं. त्यांनी माझ्या मुलीचं लग्न लावलं, माझ्या आईला माती दिली. आणि त्या दिवशी पाणी पाजायला गेलो तर सगळं त्यांच्या हनुवटीवरून खाली. मी घाबरलो. पुन्हा गेलोच नाही.”

एरवी मी हे वाक्य खिशात घालून ठेवलं असतं आणि चार घरी सांगितलं असतं: ज्यांच्या नावानं टोळी काढली, त्यांच्या घरी जायची हिंमत नाही. जिभेवर आलंही होतं. मी ते गिळलं. सोपं नव्हतं.

“साडेआठला या,” मी म्हणालो. “रबरी तळाचे बूट घाला.”

रविवारी जिन्यावर आमचं भांडण झालंच. खालच्या बाजूला कोण राहणार? मेहुणे म्हणाले ते वयानं मोठे, त्यांनी पुढे असावं. मी म्हणालो खाली वजन जास्त येतं, तुमचे गुडघे बघा. त्यांनी मला गुडघ्यांबद्दल बोलायचं काम नाही असं सांगितलं. मी त्यांना, तुम्ही वर्गात नाही आहात, असं सांगितलं. थोरले पाळक मधल्या मध्ये खुर्चीत बांधलेले, दोन पायऱ्यांवर तिरपे.

“बाबांनो,” ते म्हणाले, “मला आधी उतरवा. मग भांडा.”

मी खालच्या बाजूला गेलो. मेहुणे पायऱ्या मोजू लागले, प्रत्येक पायरीला “एक, दोन, हं.” मोजायची गरज नव्हती, पण मोजताना त्यांची पकड घट्ट राहत होती, म्हणून मी मोजू दिलं. खाली पोचलो तेव्हा दोघांचेही शर्ट पाठीला चिकटले होते.

उपासनेला खुर्ची कुठे ठेवायची यावरून दोन्ही बाजूंचे लोक उठून उभे राहिले. उजवीकडच्या तिघांनी बाक सरकवून जागा केली. डावीकडच्या एका बाईंनी, पंखा इकडे आहे, असं जाहीर केलं. नव्या पाळकांनी ब्रेक लावून खुर्ची मधल्या वाटेत ठेवली आणि स्वतः बाजूला उभे राहिले. थोरले बोलायला लागले, तेव्हा सुरुवातीला कुणाला काही कळेना. मग हळूहळू लोक पुढे सरकले. नवे मधूनमधून त्यांची हनुवटी रुमालानं पुसत होते.

“गेल्या सहा महिन्यांतले उपदेश... आम्ही दोघांनी लिहिले,” थोरले म्हणाले. “कुठलं वाक्य कुणाचं, हे आम्हालाही आता... सांगता येणार नाही. तुम्हाला येत होतं म्हणे.”

मेहुण्यांनी मान खाली घातली.

“मला तुम्हाला ओरडायचं नाही. सव्वीस वर्षं मी तुम्हाला शिकवलं... आणि तुम्ही इतकेच वाढलात. याचा जाब मला द्यावा लागेल. अजून तुम्हाला भरवावं लागतं. मला भरवावं लागतं, ते शरीर गेलं म्हणून. तुमचं काय गेलंय?”

मग मी उभा राहिलो. मला उभं राहायचं नव्हतं. बायकोनं मला ढोसलं असं मी नंतर सांगायचो, पण तिनं ढोसलं नव्हतं. ती समोर बघत होती.

“सिंक मी बसवलं,” मी म्हणालो. “आणि नळाच्या जोराबद्दल मी खोटं बोललो. दोन्हीकडे सारखाच आहे. मला तुम्हाला पळताना बघायचं होतं. आणि मग ते मी घरोघरी सांगत फिरलो.”

लोक माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या नजरेत ती तुच्छता होती जी वर्षभर मला त्यांच्याबद्दल वाटत आली होती. चांगलीच टोचली.

“सिंक आम्ही मागितलं म्हणून त्यांनी बसवलं,” डॉक्टरीणबाई कोरडेपणानं म्हणाल्या. त्या उठल्या नव्हत्या. “मागताना मी तीन बैठका घेतल्या. ते विसरायला नको.” वर्षभरात त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य.

यानंतर सगळे गळ्यात पडून रडले असं काही झालं नाही. उजवीकडच्या चौदा जणांनी, थोरल्यांना नव्यांनीच पढवलं असा निष्कर्ष काढला आणि ते दुसरीकडे जमू लागले. तिथेही आता दोन गट पडल्याचं ऐकतो. त्या म्हाताऱ्या जोडप्यातला नवरा उठून बायकोच्या बाकावर गेला, पण दुसऱ्या टोकाला बसला, मध्ये दोन माणसांची जागा सोडून. पुढच्या रविवारी एका माणसाची. बाकीच्यांत नवे पाळक एक कागद घेऊन फिरले. थोरल्यांना उचलायला, अंघोळ घालायला, भरवायला रोज दोन माणसं लागणार होती, आणि पाळी त्यांनी मुद्दाम अशी लावली की दोघांपैकी एक उजवीकडचा आणि एक डावीकडचा. डॉक्टरीणबाईंनी सोमवार घेतला. थोरल्यांचे दात त्याच घासतात, आणि ते गुरगुरतात, असं पाळकीणबाई सांगतात. मी कुठल्याच बाजूचा नसल्यामुळे मला कुणाबरोबरही टाकता येणार होतं. मला गुरुवार मिळाला, मेहुण्यांबरोबर.

मेहुणे अजून आहेत तसेच आहेत. चादर बदलताना कोपरे कसे दुमडायचे यावर व्याख्यान देतात. पाणी पाजायला मात्र आता ते पुढे होतात; चमचा हनुवटीखाली धरतात, सांडलं तर पुसतात, आणि मागे सरत नाहीत. ते केलं की थोरल्यांना बायबलमधला शास्त्रपाठ वाचून दाखवतात. वाचतात नाटकातल्यासारखं. आवाज चढवतात, थांबतात, खोलीत तीनशे मुलं बसली आहेत अशा नजरेनं इकडेतिकडे बघतात. ते मला सहन होत नाही, आणि होईलसं वाटत नाही.

गेल्या गुरुवारी असंच चाललं होतं. मी पलंगाच्या पायथ्याशी बसून थोरल्यांच्या पायांची नखं कापत होतो. अर्ध्या पानावर थोरल्यांचा डोळा लागला, तोंड उघडं पडलं. मेहुणे थांबले. पुस्तकावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि वयाची पासष्टी उलटलेला तो माणूस मला परवानगी मागत असल्यासारखा कुजबुजला, “झोपले. बंद करू का, जावईबापू?”

मी दुसरा पाय मांडीवर घेतला.

“वाचा, दादा,” मी म्हणालो. “मी ऐकतोय.”